बीडहून दापोलीला आलेल्या मुलाला, प्रवेश रद्द करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा बीड जिल्ह्यातला, घरी पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. बारावीनंतर सीईटी दिली, परभणी आणि लातूर थोडक्यात हुकलं, दापोलीच्या कृषी महाविद्यालयात नंबर लागला. येऊन सहा आठवडे झालेत. तो लिहितो: पाऊस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, मेसचा भात घशाखाली उतरत नाही. गणपतीत वसतिगृह रिकामं झालं, अख्ख्या मजल्यावर आम्ही तिघंच उरलो. वडील म्हणतात, सोयाबीनवाल्याच्या पोराने आंबा-काजू शिकून काय करायचं? सीनियर म्हणतात, डिग्री नुसती कागदाला, आजपासून एमपीएससीला लाग. प्रवेश रद्द करून पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी द्यावी का?

मी कोकणातल्या कृषी महाविद्यालयांत सव्वीस वर्षं उद्यानविद्या शिकवली आणि त्यातली नऊ वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. घाटावरून आणि मराठवाड्यातून आलेली पुष्कळ मुलं माझ्यासमोर याच प्रश्नाचा अर्ज घेऊन उभी राहिलेली आहेत. तू त्यांच्याच वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझ्या लिहिण्यात पाऊस, जेवण, वडील, सीनियर सगळे आलेत, पण मला टोचली ती मधली एक ओळ: मजल्यावर तिघंच उरलो. कोकणातला मुलगा गणपतीत काहीही झालं तरी घरी जातो. मुंबईचा चाकरमानी जिथे रजा टाकून येतो, तिथे दापोलीचा विद्यार्थी चिपळूणला किंवा गुहागरला न जाता कसा राहील? मग मेस अर्धी बंद, कॉरिडॉर ओला, दिवसभर पत्र्यावर पाऊस, आणि घर शेकडो किलोमीटर लांब. प्रवेश रद्द करण्याचे माझ्याकडे आलेले बरेचसे अर्ज गणपतीनंतरच्या पंधरवड्यातले असायचे. आंबा-काजूचा प्रश्न तेव्हाच डोकं वर काढतो, कारण एकटं वाटतंय हे वडिलांना फोनवर सांगण्यापेक्षा अभ्यासक्रम उपयोगाचा नाही हे सांगणं सोपं जातं. तुझं तसंच आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण हे तीन वेगळे प्रश्न आहेत, जागा सोसत नाही, विषय नको आहे आणि पुढे काय होणार, आणि तू तिन्हींची एकच मोळी बांधली आहेस. आधी ती सोडूया.

त्याही आधी एक विचारतो. पाऊस आणि जेवण ही कारणं सांगताना मागे कुणी त्रास देत असेल, रात्री खोलीवर बोलावत असेल, पैसे मागत असेल, तर तो वेगळा विषय आहे आणि त्याला थांबायचं नाही. रेक्टरला सांग, नाहीतर थेट १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय रॅगिंगविरोधी क्रमांकावर फोन कर. मुलं हे शेवटपर्यंत बोलत नाहीत, बॅग भरून निघून जातात. एक मुलगा असाच गेला, आणि खरं कारण मला दोन वर्षांनी त्याच्या मित्राकडून कळलं. ते मला आजही लागतं.

आता जागेचं. तुझ्याकडे वर्षाला साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. दापोलीला साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे तुझ्या गावाचा पाच वर्षांचा पाऊस इथे चार महिन्यांत पडतो आणि त्यातला सगळ्यात वाईट भाग तू आल्या-आल्या पाहिलास. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे संपेल. तोवर जीन्स घालू नकोस, चार दिवस वाळत नाही. पातळ टेरिकॉटच्या दोन पँटी घे. पुस्तकं आणि सर्टिफिकेटं कपाटात न ठेवता पत्र्याच्या ट्रंकेत ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल असते आणि बुरशी तिथूनच चढते. जांघेत किंवा काखेत खाज सुटली तर मेडिकलमधून कुणी सांगितलेली ट्यूब आणू नकोस. त्यातल्या कितीतरींत स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि नंतर नायटा दुप्पट पसरतो. डॉक्टरला दाखव. भातखाचरात प्रॅक्टिकलला उतरताना पायाला जखम असेल तर सांगून बाहेर थांब, आणि नंतर ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर गोळी घेऊन झोपू नकोस. कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणारा आजार) असतो, तो वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो.

जेवणाचं म्हणशील तर मेस चालवणारी मुलंच असतात. तुमच्या मजल्यावर मराठवाड्याची आणि सोलापूरची दहा-बारा मुलं असतीलच. एकत्र जाऊन मेस सेक्रेटरीला सांगा, आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी आणि पिठलं द्या म्हणून. आमच्याकडे हे असंच सुरू झालं आणि पुढे रत्नागिरीची मुलंही त्या दिवशी आधी रांगेत दिसायची. पण जेवायला बसताना मात्र बीडच्या मुलांत बसू नकोस. हे कडक वाटेल, तरी सांगतो. एकाच जिल्ह्याची मुलं एकाच खोलीत जमली की घराची आठवण वाढत जाते, कमी होत नाही. एखाद्या कोकणी वर्गमित्राशी ओळख कर आणि शिमग्याला त्याच्या गावी जा. पालखी घरी यायच्या दिवशी आलेल्या पाहुण्याला कोकणात कोणी परत पाठवत नाही.

दुसरा प्रश्न, विषय नको आहे का. याचं उत्तर तुझ्याकडेच आहे. माझ्याकडे एक मुलगा आला होता, हुशार, पहिल्या सत्रात चांगले गुण, पण शेतावर गेला की सावली शोधायचा आणि रात्री भौतिकशास्त्राची गणितं सोडवत बसायचा. घरच्यांनी कृषीला घातलेला. त्याच्या अर्जावर मी लगेच सही केली आणि वडिलांना फोन करून समजावलंही. त्याने जायलाच हवं होतं. तुझं तसं असेल, मातीत हात घालायला मन घेतच नसेल, तर जा, आणि वर्ष वाया गेलं असं मानू नकोस. तुझ्या पत्रात मात्र तसं मला कुठे दिसलं नाही. परभणी-लातूर हुकल्याची खंत दिसली, म्हणजे कृषीला जायचंच होतं.

आणि परभणीच हवं असेल तर हे ऐक. परभणी आणि दापोली ही दोन्ही कृषी विद्यापीठं १९७२ ची. राहुरी आणि अकोला त्याआधीची. चारही ठिकाणी पदवीचा अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने आखलेल्या चौकटीतला असतो. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण सगळं तेच. पुढे गावात राहून करायचा ग्रामीण कृषी कार्यानुभवही सगळीकडे आहे, तोच ज्यात तुम्हाला कृषीदूत म्हणतात. बदलते ती प्रॅक्टिकलला पायाखाली येणारी माती. एवढ्यासाठी वर्ष घालवावं का? इथे मी तुझ्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो चांगला प्रश्न आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

असेच एक वडील जुलैत आले होते, धाराशिव जिल्ह्यातून. मुलगा दुसऱ्या वर्षाला, उन्हाळी सुट्टीनंतर परत यायलाच तयार नव्हता, म्हणून त्याला सोबत घेऊन दाखला काढायला आले होते. कार्यालय जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झालं होतं. मी त्यांना म्हटलं, तोवर रोपवाटिकेत चला. शेडमध्ये कोय कलमांचं काम चाललं होतं. जूनमध्ये गादीवाफ्यावर टाकलेल्या आंब्याच्या कोयी रुजून आल्या होत्या, तांबूस कोवळी पानं, खाली अजून कोय चिकटलेली. आमचे माळीकाका पाटावर बसून एकेक रोप उचलत, पेरभर ठेवून वरचा शेंडा उडवत, मधोमध खाच पाडत. मग तेवढ्याच जाडीची हापूसची काडी घेऊन तिला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तिरपा काप देत. दोन्ही काप एका ओढीत, चाकू पुन्हा फिरवायचा नाही. काडी खाचेत बसवली, प्लास्टिकची पट्टी खालून वर गुंडाळली, गाठ मारली. एका कलमाला मिनिटभरही लागत नव्हता.

ते वडील उकिडवे बसले. त्यांनी पिशवीतली लाल माती उचलली, मुठीत दाबली, आणि मूठ उघडल्यावर ती सुटून पडली. त्यांनी माळीकाकांना विचारलं, "ह्यात पाणी ऱ्हातं कितीक दिस?" काका म्हणाले, "पावसाळो सरलो की आठ दिवसांत खडखडीत. मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर येता." त्या शेतकऱ्याचा विश्वासच बसेना. बाहेर धो-धो पाऊस, आणि मेमध्ये टँकर? मग अर्धा तास दोघं पाण्यावर बोलत राहिले. जांभ्या दगडातून पाणी कसं निथळून जातं, उतार कसा आहे, ओढ्याला वनराई बंधारा (मातीच्या पोत्यांचा) घातला तर विहीर किती टिकते. मुलगा बाजूला उभा राहून ऐकत होता. कार्यालय उघडलं तेव्हा वडील म्हणाले, दाखला राहू द्या, हा इथंच शिकल.

मला स्वतःला त्या अर्ध्या तासात लख्ख दिसलं की परमुलखातली माती काय शिकवते. तुझ्या वडिलांना सांग: पाऊस किती पडतो याच्यापेक्षा जमीन तो किती धरते यावर पीक उभं राहतं. हे वाक्य पुस्तकात असतं, पण साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात टँकर बघितल्यावर ते अंगात मुरतं. मग तू गावाकडे परत जाऊन तुझ्या काळ्या रानाकडे बघशील तेव्हा सातशे मिलिमीटरमध्ये किती मोठी ठेव पुरून ठेवलेली आहे ते तुला दिसेल.

दुसरं उदाहरण घे. इथली जांभ्याची माती लाल, कारण तिच्यात लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर. माती आम्ल, सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या आसपास. इथे सुपर फॉस्फेट टाकलं की ते लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं, पिकाला मिळू देत नाही. तुझी माती चुनखडीयुक्त, सामू आठच्या घरात. तिथे लोह असूनही पिकाच्या हाती लागत नाही, आणि मग शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा असा केवडा दिसतो. उसावर, सोयाबीनवर तू तो पाहिला असशील आणि युरिया कमी पडला असं कुणी सांगितलं असेल. मातीत असणं आणि पिकाला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्ही मातींवर उभं राहिलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. परभणीतला मुलगा एक माती रोज बघतो. तू लहानपणापासून एक बघितलीस, आता दुसरी बघतो आहेस.

आणि आंबा शिकून काय करायचं, असं मराठवाड्याने विचारू नये. केसरच्या बागा आज बीड, जालना, संभाजीनगर भागात ठिकठिकाणी उभ्या आहेत. कलम कोकणातून नेलेलं असतं, पण ते का मेलं, पुनर्लागण कधी करायची, छाटणी कशी ठेवायची, हे सांगणारा माणूस गावात नसतो. कोय कलम इथल्या दमट हवेत जमतं, तुझ्याकडच्या कोरड्या हवेत तसं जमणार नाही. तिथे खड्ड्यात कोय लावून, रोप वर्षभराचं झालं की जागेवरच मृदूकाष्ठ कलम (कोवळ्या शेंड्यावरचं) बांधायचं. सोटमूळ तुटत नाही, म्हणून झाड पाण्याचा ताण सोसतं. हातातली ओढ मात्र तीच, एका फटक्यात काप द्यायची. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचंही कलम बांधतातच. हात एकदा तयार झाला की झाड कुठलं आहे याने फारसा फरक पडत नाही. शंभर कलमांतली तीस जगेपर्यंत सोडू नकोस, मग साठ, मग ऐंशी.

तिसरा प्रश्न, एमपीएससी. सीनियरांबद्दल मला राग नाही, नोकऱ्या कमी आणि मुलं जास्त, त्यांची घालमेल खरी आहे. पण त्यांचा सल्ला चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र कृषी सेवेची मुख्य परीक्षा कृषी विषयांवरच असते. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदालाही व्यावसायिक ज्ञानाचा पेपर हाच. पदव्युत्तर शिक्षणाची स्पर्धा परीक्षा आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) तर पूर्ण याच पुस्तकांवर. पहिल्या वर्षापासून अभ्यासिकेत चालू घडामोडींची मासिकं पाठ करत, प्रॅक्टिकलला मित्राकडून हजेरी लावून घेणारी मुलं मी पाहिली. पूर्वपरीक्षा निघायची, मुख्य परीक्षेत कीड आणि रोग यांच्यातला फरक लिहिताना अडायची. ओजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांची सरासरी, घसरलेला असायचा, त्यामुळे एमएस्सीचं दारही अवघड. पहिली दोन वर्षं वर्ग आणि शेत कर. तिसऱ्या वर्षी ठरव कुठली परीक्षा. तेव्हा तुझी निम्मी तयारी झालेली असेल.

सरकारी विद्यापीठाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. इथे सगळं आहे, पण कोणी ताटात वाढून देत नाही. खाजगी क्लासमध्ये गैरहजर राहिलास तर घरी मेसेज जातो. इथे तू महिनाभर खोलीत झोपून राहिलास तर कमी हजेरीच्या यादीत नाव लागेपर्यंत कोणी विचारणार नाही. पण तू उठून गेलास, तर कर्जतला भाताचं, वेंगुर्ल्याला काजू-आंब्याचं, भाट्याला नारळाचं संशोधन केंद्र आहे, आणि आपल्याच विद्यापीठाचा मुलगा म्हणून तिथला शास्त्रज्ञ तुला दोन तास देईल. शेतावरचा मजूर, ग्रंथालयातला माणूस, प्रयोगशाळेतला सहायक यांची नावं पाठ कर, काका-मावशी म्हणून बोल. मला माझ्या विद्यार्थिदशेत अर्धं शिक्षण त्यांनी दिलं.

तसंच पैशाचं. घरी पाच एकर म्हणजे वडील अल्पभूधारक. तहसीलचा तसा दाखला काढून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज भर. ती योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. शिक्षण शुल्काची शिष्यवृत्ती वेगळी, तुझ्या प्रवर्गाप्रमाणे तीही भर. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते शाखेत जाऊन विचार, नुसता मोबाइल लिंक असून भागत नाही. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा इथेच. भरल्यावर महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर जाऊन तो पुढे गेला का ते बघ, आणि पुन्हा पंधरा दिवसांनी बघ.

तरीही जायचंच ठरलं, तर आजच्या आज अर्ज देऊ नकोस. सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत प्रवेश रद्द करण्याची मुदत आणि शुल्क परतीचा नियम असतो, तो वाच. चालू वर्षाची शिष्यवृत्ती घेऊन पुन्हा पहिल्या वर्षाला बसलास तर पुढे काय, हे शिष्यवृत्ती विभागात लेखी विचार. मूळ कागदपत्रं परत घेताना यादी करून सही घे. आणि वडिलांशी फोनवर नाही, समोर बसून बोल.

ते बोलणं दिवाळीच्या सुट्टीत होईल, तेव्हा एक काम कर. वावरात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवड. बांध, विहीर, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोड. प्रत्येक ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घे आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात जमव. सगळी मिसळ, चार भाग कर, समोरासमोरचे दोन टाकून दे, उरलेली पुन्हा मिसळ, अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भर आणि येताना घेऊन ये. वडिलांना सोबत घे, खड्डे त्यांनाच खणू दे. इथे आल्यावर मृदाशास्त्राच्या सरांना सांगून ती आणि महाविद्यालयाच्या शेतावरची माती शेजारी-शेजारी ठेवून तपास. सामू, सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध स्फुरद, एवढे तीन आकडे दोन्हींचे काढ, वडिलांना फोनवर वाचून दाखव, आणि मलाही कळव.